ब्रह्मदेवाचा बाप

“माझं कुलूप किल्लीशिवाय ब्रह्मदेवाच्या बापालाही उघडायचं नाही,” असं कुलूपवाले आजोबा जन्मभर छाती ठोकून सांगत आले होते. आज लपाछपी खेळताना एकुलती एक किल्ली मुठीत घेऊन नात त्यांचंच कुलूप बसवलेल्या लोखंडी कपाटात शिरली आणि मागे दार खटकन लागलं. पंधरा मिनिटं झटून आजोबांच्या तोंडाला फेस आला आणि आतली टकटक मंदावत चालली. शेवटी सून धावत जाऊन समोरच्या कुलूपवाल्याला घेऊन आली. त्याला आजोबा चारचौघांत ‘डबेफोड्या’ म्हणायचे. तो गुडघ्यांवर बसला, कुलपाला कान लावला आणि तार आत सरकवली. “बाबा, देवाचं नाव घ्या,” सून रडत म्हणाली. आजोबांनी हात जोडले. “देवा, उघडू दे रे,” ते पुटपुटले. मग सुनेला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाले, “पण पहिल्याच झटक्यात नको.”