शेजारचा पूर

पहिला नंबर आला, तर शलाकाला अहमदाबादच्या नोकरीवर जायची परवानगी मिळणार होती. नाही आला, तर सांगलीतच वडिलांच्या फर्निचरच्या दुकानात बसायचं होतं. म्हणून आर्किटेक्चरच्या शेवटच्या प्रोजेक्टसाठी तिने कृष्णाकाठी उंच खांबांवरची लायब्ररी रचली. मॉडेलमधली नदी चकचकीत दिसावी म्हणून तिने वाळून काचेसारखं होणारं पातळ रेझिन ओतलं, तेही सादरीकरणाच्या आदल्या संध्याकाळी. मांडताना मॉडेल टेबलाबाहेर जायला लागलं, तेव्हा वर्गातल्या देवदत्तने आपलं टेबल जोडून दिलं. त्यावर त्याचं मॉडेल होतं, पुठ्ठ्याची कुस्तीची तालीम.

"आणि पूर आला तर?" परीक्षकांनी विचारलं.

शलाकाने ऐटीत मॉडेल एका बाजूने उचललं. न वाळलेली नदी सावकाश निघाली, लायब्ररीच्या खांबांमधून वाहिली आणि थेट तालमीत शिरली.

"वा! लायब्ररी कोरडी!" परीक्षक खूश होऊन देवदत्तकडे वळले. "तुम्ही पुराचा विचारच केला नाहीत?"

"सर, पूर हिचा आहे!"

"पूर दुसऱ्याकडूनच येतो."

शलाका पहिली आली. देवदत्तला मॉडेल पुन्हा करून आणायला सांगितलं.

"जा बाई अहमदाबादला," तो म्हणाला. "तिथंही नदी आहे. शेजारी तेवढा बघून घे."

ते तिला लागलं. घरी जाऊन ती म्हणाली, "पप्पा, जाण्याआधी एक मागू? प्लायवूडची तालीम करून द्या. खांबांवर."

शलाकाला अहमदाबाद मिळालं, देवदत्तला तालीम मिळाली. आणि मे महिनाभर गिऱ्हाइकांची कपाटं रखडवून पप्पा एकटेच इवले इवले खांब तासत बसले.