तोट्याचं कारण

विमा कंपनीला त्या वर्षी दांडगा तोटा झाला. त्यातला जेमतेम चौथा हिस्सा आयफेलच्या डोंगराळ भागातल्या पुराचा होता. बाकीचा सगळा कराचा: पुढे सवलत मिळेल म्हणून आधीच जमेस धरलेली रक्कम आता मिळणार नव्हती. कंपनीचा वार्षिक अहवाल गुद्रुन लिहायची. तिने पहिल्याच ओळीत लिहिलं, ‘भीषण पुराच्या वर्षात कंपनीला मोठा तोटा सोसावा लागला.’ कराची गोष्ट तिने चौऱ्याहत्तराव्या पानावर तळटीपेत टाकली. खोटं एक अक्षर नव्हतं. बैठकीत साहेबांनी ती ओळ मोठ्याने वाचली, तेव्हा सगळ्यांनी बोटं दुमडून टेबलावर टकटक केली. आमच्याकडे शाबासकी अशीच देतात.

रविवारी ती त्या पूरग्रस्त खोऱ्यात, वडिलांकडे गेली. म्हातारा बोटं दुमडून भिंतीवर टकटक करत होता.

“ऐक, पोकळ वाजतंय. अख्खा गिलावा काढावा लागणार.”

“मग काढा की, बाबा. विमा आमच्याच कंपनीचा आहे. भरपाईच्या अर्जात लिहिलंय ना?”

“लिहिलं होतं. गिलावा, तळघरातला बॉयलर, तुझ्या आईचा पियानो, सगळं.” त्यांनी हात पँटला पुसले. “पण मग पेपरात वाचलं, पुराने तुमच्या कंपनीचंही कंबरडं मोडलंय. म्हटलं, उगाच पोरीच्या नोकरीवर यायला नको. बॉयलर तेवढा ठेवला, बाकीचं खोडलं.”

गुद्रुनला वर बघवेना.

“अगं, तोंड काय पाडतेस?” ते म्हणाले. “तेवढाच आमचा हातभार.”