गाळ नसलेली जागा

धरणात खरंच किती पाणी मावतं हे काढायचं, तर तळाचा गाळ मोजावा लागतो. मोजणीदाराचं उभं आयुष्य त्यातच गेलं. घरी वाट बघणारं आता कुणी उरलं नव्हतं.

सकाळपासून यंत्र सगळीकडे पुरुषभर गाळ दाखवत होतं. फक्त एका ठिकाणी, अंगणाएवढ्या चौकोनात, कणभरही नव्हता.

"यंत्राचं डोकं फिरलं असेल, साहेब," नावाडी म्हणाला.

मोजणीदाराने धरणात बुडालेल्या आपल्या गावाचा नकाशा पाहिला. तो चौकोन नेमका त्याच्या घराच्या अंगणावर येत होता. गाव सोडायच्या दिवशीही आई हेच अंगण झाडत होती. लोक हसले, तर म्हणाली, "हसा खुशाल. माझं पोर चिखलाचे पाय घेऊन घरात येतं." पाय धुतले की ती ते पदराने पुसायची. त्याच वर्षी ती गेली.

खात्री करायला त्याने दोरीला लोखंडी वजन बांधून खाली सोडलं. ते रुतलं नाही; टणक जमिनीवर टेकलं. मग दोरी हलकेच ताणली गेली, आणि सैल पडली.

"ओढा वर," नावाडी कुजबुजला.

दोरी निथळत वर आली. टोकाचं वजन मात्र कोरडं ठणठणीत होतं.