सतरापैकी आठ

"या नऊ नावांपुढे 'हजर' मांडा, बाई. हे घ्या पेन."

शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष आत्माराम टेबलासमोर उभे होते. समीक्षाबाईंनी पेन घेतलं नाही. सोमवारी दोन मुलं तापाने घरी राहिली होती. मंगळवारी पाच. आज बुधवारी सतरापैकी नऊ. मंडणगडच्या डोंगरातली ती वाडी, तिची एकच शाळा आणि शाळेला एकच शिक्षिका. शुक्रवारी शिक्षण खात्याचे केंद्रप्रमुख तपासणीला यायचे होते. कमी हजेरीच्या शाळांची यादी वर जाणार होती, आणि यादीतल्या शाळेला टाळं लागतं हे वाडीत पोराटोरांनाही ठाऊक होतं.

"पावसात ताप यायचाच," आत्माराम म्हणाले. "त्यापायी शाळा घालवणार काय? ही जागा माझ्या बापाने दिलेली हाय."

"गेल्या पावसात तुमचं ऐकलं, आप्पा. सगळे हजर मांडले. वाडीत फ्लू शिरलाय हे बाहेर कुणाला कळलंच नाही. वाडीतली पोटुशी चिमा आठव्या महिन्यात त्याच तापाने गेली." बाईंचा आवाज चढला. "यंदा नाही ऐकणार. तक्रार करा, बदली करा, काय वाटेल ते करा."

आणि त्यांच्यासमोरच त्यांनी आरोग्य केंद्राला फोन लावला.

गुरुवारी सकाळी शाळेच्या दाराला दुसरंच कुलूप होतं. कुणी घातलं, ते कुणी सांगेना. बाईंनी आठ मुलांना पडवीत लांब लांब बसवलं आणि पाढे म्हणायला लावले. खालच्या आळीतल्या बायका ओट्यावर येऊन उभ्या राहिल्या, इतके मोठ्याने. दुपारी आरोग्य केंद्राची माणसं आली. आजारी मुलांच्या घशातले नमुने घेऊन गेली.

शुक्रवारी केंद्रप्रमुखांनीही पडवीतच मुलं मोजली. आठ. वहीत आठ लिहिलं आणि ते गेले. संध्याकाळी अहवाल आला. फ्लूच होता. यंदाची साथ सुरू झाल्याची तालुक्यातली पहिली खबर या वाडीने दिली होती.

शनिवारी नर्स अक्षया लशीची पेटी घेऊन आली. शाळेचं कुलूप तोवर निघालेलं होतं. गरोदर बायका आणि मधुमेहाचे म्हातारे आत बाकांवर बसले. "लस अंगी लागायला पंधरा दिवस जातात," अक्षया प्रत्येकाला सांगत होती. "ताप घरात आल्यावर धावून उपयोग नाही. आत्ताच घ्या."

आत्माराम दाराबाहेर उभे होते. शेवटची बाई दंड चोळत गेल्यावर ते आत आले.

"पलीकडच्या गावात कधी जाल?" त्यांनी अक्षयाला विचारलं. "माझी लेक सानवी तिथे दिलेली हाय. सातवा महिना हाय तिला."

अक्षयाने मोबाइलवर यादी पाहिली. "ते गाव यादीत नाही, आप्पा. लशी थोड्याच आल्यात. जिथे ताप आहे तिथे आधी. तिथल्या शाळेत तर आठवडाभर एकही मूल गैरहजर नाही."

"तिथे घरोघरी ताप हाय! सानवीचा धाकटा दीर चार दिवस अंथरुणात हाय. सहावीत हाय तो."

"मग हजेरी पूर्ण कशी?"

आत्मारामांनी मान खाली घातली.

"यादी मी बदलू शकत नाही," अक्षया म्हणाली. "आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना कुणीतरी कळवायला हवं."

समीक्षाबाईंनी नंबर लावला आणि फोन आत्मारामांपुढे धरला. पलीकडून कुणीतरी दोनदा "हॅलो" म्हणालं. मग आत्मारामांनी फोन घेतला.

"डॉक्टर, मी आत्माराम बोलतोय," ते म्हणाले, आणि त्यांची मान वर आली. "पलीकडच्या गावची हजेरी खोटी हाय. तिथला अध्यक्ष माझा व्याही. सगळे हजर मांड म्हणून त्याला मीच सांगितलं होतं."