कोरडा आठवडा

लेकीच्या मणक्यात जन्मापासून दोष होता. लघवी लागलेली तिला कळतच नसे. म्हणून शाळेच्या वेळात दोनदा आई शिवणकारखान्यातलं मशीन सोडून शाळेकडे धावायची, नळी घालून लघवी काढायची आणि धापा टाकत परत यायची. "अशीच रोज दोन-दोनदा मधेच उठत राहिलीस, तर कामावर येऊ नकोस," असं सुपरवायझरने तिला निक्षून सांगितलं. त्या संध्याकाळी तिने फोनवर बहिणीपुढे मन मोकळं केलं, तेव्हा लेक शेजारीच पाढे लिहीत बसली होती.

दुसऱ्या दिवसापासून नवलच झालं. चड्डी कोरडी, स्कर्ट कोरडा, नळीतून जेमतेम चार थेंब. पाण्याची बाटली मात्र रोज रिकामी होऊन घरी यायची. एवढ्या वर्षांनी देवाने आपल्याकडे बघितलं, असं आईला वाटलं. तिने शाळेची एक खेप बंदच करून टाकली.

आठव्या दिवशी पोर तापाने फणफणली.

"किडनीपर्यंत गेलंय इन्फेक्शन! पाणी पाजत नाही का हिला?" डॉक्टरीणबाई कडाडल्या.

"अहो, पिते हो ती! बाटली रोज रिकामी असते, आईशपथ सांगते," आई रडकुंडीला आली.

नर्सने ग्लास भरून लेकीच्या ओठांना लावला. तिचे ओठ तडकले होते, तरी तिने मान फिरवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

"आत्ता नको, आई. तू कामावरून सुटलीस ना, की पिते."