कोण गेलं?

बल्गेरियातील त्या डोंगरगावात दुकानाच्या दारावर कागद चिकटला, की तो कुणाच्या तरी मृत्यूचाच असे. म्हणून निवृत्त शिक्षिका त्सोंकाबाई लगबगीने तेथे पोहोचल्या, तेव्हा दोन म्हाताऱ्या बायकांनी कागदाखाली मेणबत्तीही लावून ठेवली होती. त्सोंकाबाईंचा चष्मा घरी राहिला होता, त्यामुळे कागद वाचता येईना.

“कोण गेलं रे, मेतोदी?” आपल्याच हाताखाली शिकलेल्या सरपंचांना त्यांनी विचारले.

“कुणी गेलं नाही, बाई! येतायत!” सरपंचांना आनंद आवरत नव्हता. “जर्मनीहून दोन कुटुंबं परत येतायत. पाच पोरं! अकरा वर्षांनी बालवाडी उघडायची परवानगी मिळालीय. शुक्रवारपर्यंत शिक्षिका मिळाली नाही, तर मात्र पोरं शहरात जाणार. आणि ह्या बायका माझ्या जाहिरातीला मेणबत्त्या लावतायत!”

त्सोंकाबाईंनी त्या कागदावरून हात फिरवला. “शिकवणाऱ्या पोरी तर सगळ्या परदेशात म्हाताऱ्यांची सेवा करतायत. मी अर्ज केला तर? चौऱ्याहत्तर पूर्ण झालीत मला.”

“वयाची अट आता काढलीय, बाई. पेन्शनही चालू राहील. फक्त अर्जाला फोटो लागेल.”

त्या जवळजवळ धावतच घरी गेल्या आणि कपाटात जपून ठेवलेला फोटो घेऊन परतल्या.

सरपंचांनी तो कौतुकाने न्याहाळला. “वा, बाई! नवी ओढणी, केसही नीट बसवलेले. कधी काढलात?”

“गेल्या हिवाळ्यात. मी गेल्यावर ह्याच दारावरच्या कागदासाठी फोटो शोधत तुमची धावपळ नको, म्हणून काढून ठेवला होता. चिकटव आता अर्जावर!”