पद्मिनीचा कार्बोरेटर

"फ्युएल इंजेक्शन बसवून टाका," प्राची म्हणाली. "हा कार्बोरेटर मला परत गाडीत नको."

तोताराम मिस्त्रीने हात पुसले आणि बॉनेट वर केलं. शहाऐंशी सालची पद्मिनी. साक्रीहून धुळ्यापर्यंत ती शेजाऱ्यांच्या पिकअपला टोचन करून आणली होती. चार महिने अंगणात ताडपत्रीखाली उभी असलेली गाडी रस्त्यावर चालवायची प्राचीची तयारी नव्हती, आणि नाना स्टेअरिंगला हात लावत नव्हते.

नाना, म्हणजे प्राचीचे वडील, निवृत्त शिक्षक जीवन गुरुजी, गॅरेजच्या दाराशी बाकड्यावर बसले होते. तोतारामने दिलेला चहा तसाच त्यांच्या हातात होता. आई गेल्यापासून ते असेच होते. विचारलं तर उत्तर द्यायचे, वाढलं तर जेवायचे.

प्राचीचंही वेगळं काही नव्हतं. ती अजून रडली नव्हती. जळगावला मेहरूणमध्ये राहायची, रोज कॉलेजात जाऊन शिकवायची, रविवारी साक्रीला यायची. आईच्या साड्या वाटून झाल्या, रेशनकार्डावरचं नाव कमी करून झालं. उरली होती गाडी.

"काय झालं होतं नेमकं?" तोतारामने विचारलं.

"आईचं डायलिसिस होतं. आठवड्यातून दोनदा, इथंच, धुळ्याला. दोन वर्षं नाना तिला याच गाडीतून आणायचे. त्या गुरुवारी सकाळी तिला दम लागला. नानांनी तिला गाडीत बसवलं आणि गाडी सुरूच झाली नाही. कार्बोरेटर ओव्हर झाला, पेट्रोल जास्त आलं. दुसरी गाडी मिळेपर्यंत..."

हे तिने इतक्या जणांना सांगितलं होतं, की आता ते पाढ्यासारखं तोंडातून येई.

त्या दिवशीही तिने सकाळी सातला फोन केला होता. ती दर सोमवारी आणि गुरुवारी करायची. आई म्हणाली होती, आज नको वाटतंय गं. तसं ती बऱ्याचदा म्हणायची. प्राचीने नेहमीसारखंच दटावलं होतं. कंटाळा करून चालणार नाही, डॉक्टरांनी काय सांगितलंय, नानांना फोन दे.

"मला अशी गाडी हवी, की चावी फिरवली की सुरू," ती म्हणाली. "कोणीही बसो. कधीही."

"तशी होते ना. पंप, सेन्सर, छोटा कॉम्प्युटर. किट पुण्याहून मागवावं लागेल. चोक ओढायची भानगड नाही, थंडीत खोकणं नाही." तोतारामने मान तिरकी केली. "पण गाडीचा आवाज बदलतो. आणि वाटेत कॉम्प्युटर गेला, तर पिंपळनेरच्या रस्त्यावर कोण दुरुस्त करणार? कार्बोरेटर मी पान्यावर खोलतो. आधी बघू तर द्या काय झालंय ते."

त्याने कार्बोरेटर उतरवला, वर्तमानपत्र पसरून त्यावर एकेक भाग सुटा केला. जेट उजेडाकडे धरून पाहिला. फ्लोट कानाशी हलवला. प्राची शेजारी उभी राहून बघत होती. याच्यामुळे आई गेली, असं ती चार महिने म्हणत आली होती. समोर ठेवल्यावर ते मुठीएवढं लोखंड दिसत होतं. तिला राग यायला हवा होता. आला नाही.

"यात काही खराबी नाही, ताई," तोताराम म्हणाला. "बठ्ठं साफ शे."

"आता असेल."

"कार्बोरेटर आपोआप बरा होत नाही."

त्याने तो पुन्हा बसवला, जुनं पेट्रोल काढून ताजं भरलं, स्वतःची बॅटरी जोडली. चोक ओढून सेल्फ मारला. तिसऱ्या सेल्फला पद्मिनी थरथरली आणि सुरू झाली. थोड्या वेळात तिचा आवाज एकसारखा लागला. तोतारामने काही क्षण ऐकलं आणि बंद केली.

"चार महिने उभी राहून जी अशी सुरू होते, ती..." त्याची नजर बाकड्याकडे गेली. वाक्य त्याने सोडून दिलं. "गुरुजी, तुमचं काय म्हणणं?"

"कार्बोरेटर राहू दे," नाना म्हणाले.

दिवसभरात ते पहिल्यांदाच आपणहून इतकं बोलले होते.

"नाना, का?" प्राची त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "त्या दिवशी ही गाडी सुरू झाली असती तर आई आज असती."

तोताराम पाना घेऊन गॅरेजच्या मागच्या बाजूला गेला.

"इंजेक्शन असतं तर तासाभरात तुम्ही इथं पोचला असता," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. वर्गात हजेरी घ्यावी तसा होता. "माझं काय चुकलं ते तरी सांगा. मी तिला एक फेरी चुकवू दिली नाही. शेवटी एका गाडीपायी गेली ती. आणि तुम्ही म्हणता, राहू दे."

नानांनी चहाचा कप बाकड्याखाली ठेवला. बराच वेळ ते बोटं पुसत राहिले.

"तिचा दोष नाही गं," ते म्हणाले.

"कोणाचा?"

"गाडीचा. पहिल्याच सेल्फला सुरू झाली होती ती. मी गिअर टाकत होतो, तेवढ्यात तुझ्या आईनं माझ्या हातावर हात ठेवला. म्हणाली, आता पुरे, बंद करा. प्राचीला सांगा, गाडीच सुरू झाली नाही."